दादाचा हिरवा बिल्ला

सावेडी, अहिल्यानगर

चि. अथर्व यास,


दादाच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, पेटीतला हिरवा स्काउट बिल्ला तुला हवा होता, तो मिळाल्याचं कळलं. तो दुर्मीळ आहे का, असं विचारलंस. नाही रे. तसा नवा बिल्ला इथे आजही किरकोळ पैशांत मिळतो. पण त्यावरची तीन चित्रं तीन वेळची आहेत, ती समजून घे.

पिवळं लिलीचं फूल सर्वांत जुनं. जुन्या होकायंत्रांवर ते उत्तर दिशा दाखवायचं. स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल १८९७ साली मेरठला घोडदळाचे अधिकारी होते. टेहळणीचं शिक्षण पुरं करणाऱ्या शिपायांना ते याच फुलाचा पितळी बिल्ला देत. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ते मॅफेकिंगला २१७ दिवस वेढ्यात अडकले. तिथे निरोप पोचवणारी मुलं त्यांनी पाहिली आणि १९०७ साली ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर भरवलं. त्याच युद्धातले काही बोअर कैदी इंग्रजांनी आपल्या नगरला आणून ठेवले होते! तर तुमच्या अमेरिकन बिल्ल्यावर गरुडामागे जे फूल आहे, ते स्काउटांकडे येण्याआधी आपल्याकडच्या मेरठच्या छावणीत मिरवून गेलेलं आहे.

आणि तरीही १९०९ मध्ये बंगळुरात पहिलं पथक निघालं, ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना दार बंद. सरकारला धास्ती, की ही पोरं नकाशे वाचायला आणि माग काढायला शिकली तर उद्या क्रांतिकारक होतील. मग आपल्या लोकांनी स्वतःची पथकं काढली. मद्रासला ॲनी बेझंटबाईंनी, अलाहाबादला १९१८ मध्ये मालवीय, कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट संघटना आणखी निराळी निघाली. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एका देशात स्काउटांच्या अनेक चुली होत्या.

त्या एक करायला पंडित नेहरू आणि मौलाना आझाद यांनी जोर लावला. हे दोघेही १९४२ पासून आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते, हे तुला बाबाने सांगितलं असेलच. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संस्था झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाइड संघटनाही तीत आली. बिल्ल्यातलं तीन पानांचं त्रिदल गाइडचं, फूल स्काउटचं, आणि मधलं अशोकचक्र दोघांचं. यावरूनच दादाचा बिल्ला या एकीनंतरचा, हे ओळखता येतं.

मी शाळेत गाइड कॅप्टन होते तेव्हा दीक्षाविधीला प्रत्येक मुलीच्या खिशावर हाच बिल्ला लावायचे. कुणी ऊसतोडणी कामगाराची, कुणी मारवाडी दुकानदाराची. ‘खरी कमाई’त, म्हणजे स्वतः पैसे कमावण्याच्या उपक्रमात, सगळ्या मिळून भेळ विकायच्या आणि पैसे मोजताना भांडायच्या. तुझ्या संग्रहात दुर्मीळ बिल्ले असतील, पण ज्या वस्तूला आपल्या मुलांना हात लावू देत नव्हते, ती आता कुणालाही मिळते. मला तिचं मोल यातच वाटतं.

बिल्ला डिंकाने चिकटवू नकोस, कडेने चार टाके घाल. मित्राला अदलाबदलीसाठी हवा असेल तर कळव, इथून दोन-चार नवे पाठवते. दादाचा मात्र तुझ्याकडेच राहू दे. आणि तुझ्या सदऱ्यावरच्या जांभळ्या जागतिक बिल्ल्याचा फोटो पाठव. तो आमच्या पोरांच्या गणवेशावरही असतो, त्यांना दाखवीन.

तुझी
आत्याआजी