शहराखालची खारजमीन

नवी मुंबईचा विषय निघाला की 'कोऱ्या कागदावर आखलेलं शहर' हे शब्द हमखास येतात. मी पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचं काम करणारा अभियंता. या शहराचे नाले, मोऱ्या आणि खाडीच्या तोंडाशी बसवलेली झडपेची दारं हे माझं रोजचं क्षेत्र. त्या कामात हा कागद मला कधीच कोरा दिसला नाही. त्यावर आगरी-कोळ्यांनी घातलेले बांध होते, मिठागरं होती, आणि भरती-ओहोटीचा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला हिशेब होता. शहराच्या इतिहासात आराखडा येतो, पूल येतात, विमानतळ येतो. हा हिशेब येत नाही. म्हणून तो इथे मांडतो.

पारसिकचा डोंगर आणि खाडी यांच्यामधली पट्टी सपाट. तिचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली. इथल्या शेतकऱ्यांनी खाजणात मातीचे बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवलं आणि आत भात पिकवलं. पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन जायचं, मग मोड आणलेलं बी चिखलात फेकायचं. खारटपणा सोसणारा तांबडा राता भात इथलाच. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे अशा जमिनीसाठी सुधारित वाण काढले.

या सगळ्या शेतीचा जीव बांधातल्या उघाडीत होता. उघाडी म्हणजे बांधाच्या तळाशी बसवलेलं झडपेचं दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत निघून जातं. पंप लागत नाही, वीज लागत नाही. लागते ती देखरेख. नेरूळच्या बाजूच्या एका गावातल्या आजोबांनी मला सांगितलं होतं, अमावास्या-पुनवेच्या उधाणाला दोघंजण रात्री बांधावर जागायचे. झडपेत एक काटकी अडकली तरी खारं पाणी आत यायचं, आणि त्या शेताचं पीक गेलंच म्हणायचं. बांधाला खांड पडली तर शेत कोणाचं हे कुणी विचारत नसे. सारा गाव माती घेऊन धावायचा. सरकारने खारजमिनींसाठी कायदा केला तो १९४८ साली. त्याआधीही बांध उभे होतेच.

१९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी हे शहर उभारण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि वीस लाख माणसांसाठी आराखडा असा हा मोठा घाट होता. कुळांना जमिनीचे मालक करणारा कूळकायद्यातला १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन होऊन तेव्हा जेमतेम तेरा वर्षं झाली होती. ज्यांच्या सातबारावर आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव चढलं होतं, त्यांच्याच हातात संपादनाच्या नोटिसा पडल्या.

यातून उसळलेल्या असंतोषाला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांनी दिशा दिली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरणच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना हे या लढ्याचं फळ. तिचं गणित साधं आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातले ३० टक्के सार्वजनिक सुविधांसाठी वजा झाले की हातात उरतात साडेतीन गुंठे. जमिनीचा मोबदला असा गुंठ्यांत मोजता आला. पाण्याच्या जाणतेपणाला मात्र मोबदल्याच्या कागदावर रकानाच नव्हता.

आणि शहर उभं राहिलं ते त्याच जाणतेपणाच्या तत्त्वावर. सगळी सखल जमीन उधाणाच्या पातळीवर उचलायची तर डोंगरच्या डोंगर भरावाला घालावे लागले असते. म्हणून भराव काही मर्यादेपर्यंत घालून वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर अशा ठिकाणी धारण तलाव ठेवले आणि त्यांच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा बसवल्या. भरतीच्या वेळी कोसळलेला पाऊस तलावात थांबतो, ओहोटीला खाडीत जातो. याला आम्ही डच पद्धत म्हणतो. पण काम तेच, जे उघाडी करत आली. लाकडाच्या जागी लोखंड आलं एवढंच.

फरक पडला तो पाणी साठवण्याच्या जागेत. एक एकर भातखाचरात अर्धा फूट पाणी उभं राहिलं तर ते सहा लाख लिटर भरतं, म्हणजे दहा हजार लिटरचे साठ टँकर. पूर्वी सारी शेतं मिळून हे काम करायची. आज तिथे काँक्रीट आहे आणि सगळा भार मोजक्या तलावांवर. त्यांत वर्षानुवर्षं गाळ साचला, गाळावर कांदळवन वाढलं. कांदळवन तोडायला न्यायालयाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे, कारण खाडीकाठचा तोच आधार आहे. पण तलावाची खोली कमी होत राहिली तर उधाण आणि मुसळधार एकत्र आल्यावर पाणी रस्त्यावर येणारच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसा पाऊस पुन्हा पडणार नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

आता आपण आणखी मोठी उडी घेतली आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी दहा गावं हलली, उलव्याचा डोंगर कापला, उलवे नदीचा प्रवाह वळवला. पुढची वाढ उरणकडे चालली आहे, जिथे खाजणं आणि पाणथळी अजून शिल्लक आहेत. तिथे भराव पडण्याआधी जुने बांध, उघाड्या आणि पाणी साचण्याच्या जागा नकाशावर नोंदवाव्यात, आणि त्या नोंदीसाठी गावातल्या जाणत्या माणसांना सोबत घ्यावं. शहरातले धारण तलाव न्यायालयाच्या परवानगीने, कांदळवन राखून, टप्प्याटप्प्याने गाळमुक्त करावेत. त्यांच्या एका गुंठ्यावरही बांधकाम होऊ देऊ नये.

नवी मुंबईकर वाचकांना एक विनंती. तुमच्या सेक्टरचं पाणी कुठल्या तलावात जातं आणि त्या तलावाची झडप पावसाळ्याआधी तपासली का, एवढं महापालिकेला दर मे महिन्यात विचारा. पूर्वी ही काळजी सारा गाव वाहत असे. आता ती आपल्याला वाहायची आहे.