चणे आहेत, पण दात नाहीत

बंड्या आमच्याकडे आला तो अकरा वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात. जिन्याखाली कुडकुडत बसलेलं पिल्लू मुलीनं फ्रॉकमध्ये गुंडाळून वर आणलं. जात विचाराल तर अस्सल गावठी. भूक मात्र अशी, की ताटली ठेवून मागे वळावं तोवर ती चाटूनपुसून लख्ख! असा हा बंड्या गेल्या दिवाळीनंतर भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन पुन्हा खाली टाकू लागला, तेव्हा आम्ही एकमतानं निदान केलं - लाडावलाय!

"सणासुदीचं खाऊन चटावलाय," हे यांचं मत. "त्याला रोज चिकनच हवं असतं," मुलगी म्हणाली. मी तर एका सकाळी ऑफिसच्या घाईत वैतागून ताटलीच उचलून ठेवली. म्हटलं, "भूक लागली की खाईल गपचूप!" ते शब्द आठवले, की आजही माझीच मला लाज वाटते.

सासूबाई तेवढ्या गप्प होत्या. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, ताटली वाजली की तो धावत येतो. भूक नसती तर आला असता का? त्याला चावता येत नाहीये."

मग मीही नीट पाहिलं. मान एका बाजूला कलती करून तो घास एकाच दाढेकडे सरकवत होता. त्याच्या रबरी चेंडूवर रक्ताचा पुसट डाग होता. तोंडाला दुर्गंधी तर कित्येक महिने येत होती. कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं आम्ही गृहीत धरलं होतं!

डॉक्टरबाईंनी त्याचा ओठ वर केला आणि आम्हाला दाखवलं. दातांवर पिवळं-तपकिरी कीटण, हिरड्या लालबुंद, काही दात हलणारे. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांचे दात आपल्यासारखे किडतात कमी, हिरड्यांच्या रोगानं मात्र फार जातात. तीन वर्षांवरच्या बहुतेक कुत्र्यांना हा त्रास थोडाफार असतोच, असं त्या म्हणाल्या. "पण तो कधी कण्हलासुद्धा नाही," मी म्हटलं. "कुत्री दुखणं लपवतात. खाणं अगदी अशक्य होईपर्यंत खात राहतात," त्यांनी सांगितलं.

रक्ततपासणी झाली, भूल दिली आणि नऊ दात काढले. आता हा खाणार कसा, या काळजीनं मला रडूच कोसळलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कुत्रा आपल्यासारखा घोळवून घोळवून चावत नाही. तो तोडतो आणि गिळतो. पचनाचं काम सुरू होतं ते पोटात. दुखणाऱ्या दातापेक्षा दात नसलेला बरा."

पहिले दोन आठवडे सगळं मऊच द्यायचं होतं. उत्साहाच्या भरात मी जेवण मिक्सरमधून खिरीसारखं पातळ काढलं. बंड्याच्या मिशा बरबटल्या, नाकात गेलं, तो शिंकत सुटला. मग हळूहळू जमलं. गुरगुट्या भात, शिजवून बारीक कुस्करलेलं बिनहाडाचं चिकन, उकडलेला लाल भोपळा. मीठ-मसाला नाही आणि कांदा-लसूण तर मुळीच नाही, तो कुत्र्यांना विषारी. अन्न कोमट असलं की वास सुटतो आणि तो आवडीनं खातो. दोन मोठ्या जेवणांची आम्ही चार लहान जेवणं केली. ताटली उथळ घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली, म्हणजे चाटताना सरकत नाही.

नुसत्या भात-चिकनवर कायम ठेवू नका, त्यात कॅल्शियम पुरत नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. म्हणून आता पाकिटातलं कोरडं खाणं कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून देते आणि वर चमचाभर चिकन. हाडं बंद. शिजवलेलं हाड तर कुठल्याच कुत्र्याला देऊ नये. त्याच्या धारदार कपच्या होतात आणि घशात, आतड्यात रुततात. उरलेले दात कुत्र्यांसाठीच्या पेस्टनं घासतो. आपली टूथपेस्ट त्यांना चालत नाही, कारण ते चूळ भरत नाहीत, सगळं गिळून टाकतात.

एका संध्याकाळी बंड्याचा भात कुस्करता कुस्करता मी सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्हाला कसं हो कळलं त्याला चावता येत नाही ते?"

त्या पदर सारखा करत हसल्या. "मी तरी वेगळं काय करते? कवळी सैल होऊन दोन वर्षं झाली. भाकरी आमटीत बुडवून खाते, काकडी नको म्हणते. तुम्हाला वाटतं, वयानं भूक कमी झाली."

माझा हात थांबला. "मग बोलला का नाहीत?"

"तो तरी कुठे बोलला?"

दोन वर्षं रोज मीच त्यांचं ताट वाढत होते. "शेंगदाण्याची चटणी नको गं" हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल! त्या मन मारत होत्या, आणि आवड बदलली असं मी समजत होते. दात आहेत तेव्हा चणे नाहीत, चणे आहेत तेव्हा दात नाहीत, ही म्हण आपण हसत हसत म्हणतो. पण ज्याच्यावर ती वेळ येते तो गुपचूप चणेच नाकारतो.

त्याच आठवड्यात आम्ही दंतवैद्याकडे गेलो. नवी कवळी बसायला थोडे दिवस लागले. परवा सासूबाईंनी स्वतःहून खमंग थालीपीठ मागून घेतलं. बंड्या शेजारी बसून टक लावून बघत होता. थालीपिठात कांदा होता, म्हणून त्याला तुकडा मिळाला नाही. पण त्याची ताटली आधीच लख्ख झाली होती.

आता घरात कुणी "भूक नाही" म्हटलं, की मी लगेच ताट उचलत नाही. जरा शेजारी बसते आणि घास कसा जातोय ते बघते.