नुसतं बसायला आलं तर चालेल का?

पुण्याहून निघून खंबाटकीचा घाट ओलांडला आणि सुरूरच्या फाट्यावर उजवीकडे वळलं, की वाई आलीच म्हणून समजा. आमचा चित्रं काढणाऱ्या बायकांचा एक छोटासा गट आहे. बारा-पंधराजणी, बहुतेक संसारी. शाळेत असताना दिलेली एलिमेंटरी नि इंटरमिजिएटची परीक्षा, एवढंच आमचं चित्रकलेचं शिक्षण! हिवाळ्यातला एखादा रविवार गाठून रंग, कागद आणि दशम्या घेऊन बाहेर पडायचं, असा शिरस्ता. यंदा वाई आणि मेणवली ठरली. त्याबरोबर एक नियमही ठरला. येईल तिनं चित्र काढलंच पाहिजे आणि निघण्यापूर्वी ते सगळ्यांना दाखवलंच पाहिजे.

नियमामागे कारण होतं बरं का! मागल्या सहलीला निम्म्याजणी हौसेनं नुसत्याच आल्या. गप्पा, भेळ, साड्यांच्या किमती. ज्या खरोखर काढायला बसल्या होत्या त्यांच्या पाठीशी उभं राहून "अय्या, हे झाड आहे का?" अशी चौकशी. दोघीतिघींनी त्यानंतर येणंच सोडलं. तेव्हा गट चालवणाऱ्या बाई कडक झाल्या, त्यात त्यांचं काय चुकलं?

पण मी बरोबर माझ्या वन्संना नेलं होतं. त्यांच्या सासूबाई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्या रविवारी जाऊबाई आल्या म्हणून ह्यांना एक दिवस मोकळा मिळाला. निघायच्या आदल्या रात्री विचारत होत्या, "अगं, मला काही रेघसुद्धा ओढता येत नाही. मी नुसती बसले तर चालेल ना?" मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "येऊ देत, पण कागद घेऊन येऊ देत."

सकाळी ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. हे देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. देवळाच्या मागे जाऊन पाहा. मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती केलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन बाजूंनी निघून जावं, म्हणून ही युक्ती.

तिथून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागे नदीवर चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट. 'स्वदेस' या २००४ सालच्या सिनेमात बहुतेकींनी तो पाहिला असेल. काढायला मात्र महाकठीण! पायऱ्या वळतातही आणि उतरतातही, त्यामुळे एक रेघ चुकली की सगळा घाट नदीत कोसळल्यासारखा दिसतो. दोन तास आम्ही खोडरबर घासत होतो.

वन्सं खालच्या पायरीवर बसल्या होत्या. मग उठून देवळांकडे गेल्या, धुणं धुणाऱ्या एका बाईशी बोलल्या आणि येऊन हळूच म्हणाल्या, "तिकडची घंटा पाहिलीत का गं? तिच्यावर बाळ घेतलेली बाई आहे." चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा आपल्याकडच्या देवळांत आल्या. त्यांतलीच ही एक, आणि ती बाई म्हणजे मेरी. आम्ही चित्रांत इतक्या बुडालो होतो की एकीनंही मान वर केली नव्हती.

चार वाजता कागद मांडले गेले. वन्संचा कोरा. "काहीतरी काढा हो, पाच मिनिटं थांबू आम्ही," बाई म्हणाल्या, आणि खरंच सगळ्या थांबल्या. वन्संनी थरथरत्या हातानं एक घंटा काढली. टाळ्या पडल्या. गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. पुढच्या सहलीचं विचारलं तर म्हणाल्या, "नको गं, परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

मी अर्धवेळ का होईना, मास्तरीण आहे. वर्गात मी कुणालाही सूट देत नाही, कारण तिथं शिकवणं हे माझं काम आहे. पण रविवारी घरचं सगळं आवरून आलेली बाई ही काही माझी विद्यार्थिनी नव्हे. बाईंना त्रास झाला तो गोंगाटाचा, न काढणाऱ्यांचा नव्हे. मग नियम गोंगाटाला लावावा. दुपारपर्यंत बोलायचं नाही, खाणं दूर बसून, दुसरीच्या कागदावर वाकायचं नाही. सतरंज्या उचलणं, कचरा गोळा करणं हे मात्र सगळ्यांनी. चित्र जिला दाखवायचं तिनं दाखवावं. मी हे बाईंना सांगितलं आहे. त्या "बघू" म्हणाल्या, आणि त्यांचं "बघू" म्हणजे निम्मं होय असतं.

कुणाला मेणवलीला जायचं असेल तर हिवाळ्यातच जावं. पावसाळ्यात नदीला पाणी असलं की खालच्या पायऱ्यांवर बसता येत नाही. संकष्टीला वाईत गर्दी असते, तो दिवस टाळावा. बसायला जाड सतरंजी न्यावी, दगड सकाळी गार असतात.