चारित्र्याचा दाखला

मी उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये राहतो, असं सांगितलं की आमचे पुण्याचे नातेवाईक हळहळतात. कॅम्प म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे तंबू येतात. त्यांचं अगदीच चुकत नाही म्हणा. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिच्या बराकींतून राहिली आणि १९४९ साली छावणीचं उल्हासनगर झालं. सैनिक कधीच गेले. पत्त्यातला बराक नंबर मात्र अजून पहारा देतो आहे.

आमच्या शेजारचे साईं आले ते २०१० साली. थर एक्सप्रेसने जोधपूरला उतरले आणि बायको, दोन मुलं, म्हातारी अम्मा आणि पापडाचा डबा घेऊन इथे पोचले. तेव्हापासून मुदतीचा व्हिसा आणि त्याचं नूतनीकरण! आपण दिवाळी मोजतो, ते मुदती मोजत. मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर 'राष्ट्रीयत्व' हा रकाना आला की साईंचं पेन अडायचं.

२०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मार्च २०२४ मध्ये नियम आले. ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी आलेल्यांत साईं बसत होते. एका संध्याकाळी ते कागदांची पिशवी घेऊन आले.

"मास्तरसाब, एक शपथपत्र पाहिजे. माझा चारित्र्य चांगला आहे, असा भारतीय नागरिकाने लिहायचा."

मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. 'माझा चारित्र्य' ऐकून माझी लाल पेन्सिल आपोआप वळवळली. पण भाषेचा प्रश्नच नव्हता. आठव्या अनुसूचीतली कुठलीही एक भाषा आली की पुरे, आणि सिंधी त्या यादीत १९६७ पासून आहे. साईं माझ्या हातून नापास होण्यापासून थोडक्यात वाचले.

राहता राहिलं चारित्र्य. त्यांनी माझी छत्री नेऊन दोन पावसाळे झाले होते. पण माझी बायको आजारी पडली तेव्हा रात्री दोन वाजता रिक्षा शोधून आणणारेही साईंच. मी छत्री वजा केली आणि शपथपत्र लिहिलं.

नोटरीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही भारतीय नागरिक कशावरून?"

मी ऐटीत आधार कार्ड काढलं.

"ही ओळख झाली. नागरिकत्व नव्हे."

पॅन कार्ड, रेशन कार्ड... एकेक पान टाकत गेलो आणि हरत गेलो. पासपोर्ट मी काढलेला नाही. आजवर शिर्डीच्या पुढे कुणी बोलावलंच नाही. जन्माची नोंद कोकणातल्या ज्या वहीत होती, ती वाळवीने केव्हाच वाचून संपवली. पिशवीभर कागद घेऊन साईं माझ्याकडे कणवेने बघत होते. शेवटी शाळा सोडल्याचा दाखला निघाला, त्यावर जन्मगाव निघालं आणि माझी सुटका झाली.

या अर्जांची जिल्हा समिती टपाल खात्याच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली असते. मला हे फार योग्य वाटलं. इतकी वर्षं पत्त्याविना फिरणारं पाकीट पोचवायला दुसरं खातं कोणतं असणार? निष्ठेची शपथही तिथेच घ्यायची. शपथेच्या दिवशी अम्माला दोन्हीकडून धरून नेलं. फाळणीआधी ती शिकारपूरला जन्मली तेव्हा देश एकच होता. तीच बाई त्याच देशाचा अर्ज ऐंशी ओलांडल्यावर भरत होती. तिला भीती एकच होती : कागद येण्याआधी आपण गेलो, तर परदेशी म्हणून जाऊ.

कागद आला. मला बोलावणं आलं. सिंधी रिवाजाप्रमाणे आधी पापड आणि पाणी पुढे आलं. छत्रीही परत मिळाली, नव्या दांड्यासकट. अम्माने प्रमाणपत्र पदराने पुसून माझ्या हातात दिलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. तिचं नाव आल्यावर म्हणाली, "फिर से."

मी दोनदा वाचलं. तिने कागद घडी न घालता उशीखाली ठेवला आणि मला विचारलं, "पुट, तुला पण मिळाला असा?"

"नाही, अम्मा."

तिला खरंच वाईट वाटलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मिळेल. घाबरू नको. चारित्र्याचा मी लिहून देते."