बल गुणिले वेग

नववीत गतीची तीन समीकरणं पाढ्यांसारखी पाठ झाली. 'व्ही बरोबर यू अधिक एटी' परीक्षेपुरतं कामाला आलं. एकसमान त्वरणानं जाणारी वस्तू, विहिरीत सुटलेली बादली सोडली तर, मला प्रश्नपत्रिकेबाहेर फारशी भेटली नाही. मनात राहिलं ते वेगळंच. शक्ती म्हणजे कार्य भागिले काळ. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. विस्थापन भागिले काळ म्हणजे वेग. म्हणून शक्ती बरोबर बल गुणिले वेग. सरांनी ते फळ्याच्या कोपऱ्यात मांडलं आणि लगेच पुसलं. परीक्षेला नव्हतं ना!

पुढे नोकरीपायी मुंबई-पुणे ये-जा सुरू झाली आणि हे सूत्र कर्जतला गाठ पडलं. गाडी थांबली की लोक वडापावाकडे धावत, मी शेवटच्या डब्याकडे. तिथे घाट चढायला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, जोडत. 1863 साली खुल्या झालेल्या बोरघाटाचा चढ 37 ला 1 असा. हजार टनांची गाडी धरली, तर नुसत्या चढापायी तिला सुमारे 265 किलोन्यूटन बल खाली ओढतं. ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर वेगानं चढायचं तर 2650 किलोवॅट हवेत. साडेतीन हजार अश्वशक्ती झाली, घर्षण वेगळंच. वेग निम्मा केला की निम्म्या शक्तीत भागतं. मग मागून इंजिनं कशाला? तर हळू चाललं तरी बल तेवढंच लागतं, आणि ते रुळावर टेकलेल्या चाकांतूनच यायचं. चाकं घसरू लागली की अश्वशक्ती नुसती कागदावर. शिवाय सगळा भार पुढूनच ओढला तर डब्यांमधल्या कपलिंगवर केवढा ताण! मागून ढकललं की तोही हलका होतो. मला हे कळायला बरीच वर्षं लागली, वडापाव मात्र तेवढ्यात संपत.

गावी भावाच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. एक एचपी 746 वॅट, म्हणजे एकूण 3730. वीस मीटर खालून पाणी उचलायचं तर हिशेबानं सेकंदाला 19 लिटर यावं. पंप आणि पाइप आपापला वाटा खातात, म्हणून येतं बरंच कमी. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, धार बारीक होते. "मोटर तीच रे, विहीर खोल गेली," भाऊ म्हणतो. त्यानं माझ्यासारखी वही कधी भरली नाही.

आता आमच्या इमारतीची लिफ्ट सारखी बंद असते. साठ किलोचा मी तीन मीटरचा एक मजला चढतो, तेव्हा कार्य 1764 ज्यूल. तरुणपणीही इतक्या वजनाला इतकंच पडलं असतं. तेव्हा बारा सेकंदांत चढलो असतो, तर 147 वॅट. आता कठडा धरत तीस सेकंद लागतात: 59 वॅट, जुन्या पिवळ्या बल्बाएवढे. वरच्या मजल्यावरच्या काकू दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मला ओलांडून जातात. त्यांचे वॅट मी अजून काढलेले नाहीत.