उसाच्या फडातील पिल्ले

जुन्नर तालुक्यात ऊसतोडणीचे दिवस आले, की फडात कधी कधी बिबट्याची इवलीशी पिल्ले आढळतात आणि कोयता थबकतो. पाहणाऱ्यास वाटते, ही पोरकी झाली. घरी न्यावीत, दूध पाजावे. किती चुकीची ही दया! आई बहुधा जवळच दडलेली असते. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील पशुवैद्य पिल्लांना तपासतात. तिन्हीसांजेला त्याच जागी त्यांना खोक्यात ठेवून सारे दूर सरतात. काळोख दाटतो. पिल्लांची क्षीण हाक ऐकू येत राहते. एखादी रात्र रितीच जाते. मग दुसऱ्या सायंकाळी खोके पुन्हा तेथेच मांडावे लागते. कधी मात्र पाचट हलकेच सळसळते. मादी येते, पंजाने खोके कलंडवते, एका पिल्लाची मानगूट अलगद दातांत धरून अंधारात नाहीशी होते. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत येते.