पाण्यातला वाटा

कोळ्याच्या घरात भांडण पैशावरून क्वचित होते. होते ते वाट्यावरून. माझे माहेर वसईच्या किनाऱ्यावरचे. होडी काठाला लागली की ओल्या वाळूवरच वाटे पडत. एक होडीचा, एक जाळ्याचा, तांडेलाचा थोडा वजनदार, आणि मग खलाशांचे सारखे. होडी वर ओढायला हात लावणाऱ्या पोरासोरांनाही मूठभर मासे मिळत. हे कुठे लिहून ठेवलेले नव्हते. तरी कोणाचा वाटा मूठभर कमी पडला तर संध्याकाळपर्यंत साऱ्या पाड्याला ते ठाऊक होई आणि तांडेलाला चारचौघांत उत्तर द्यावे लागे. वाटा मोजणारा आणि वाटा घेणारा एकमेकांसमोर उभे असत, म्हणून त्या पद्धतीत फारसा अन्याय टिकत नसे.

लग्नानंतर मी नाशिकला आले आणि मला गोड्या पाण्याची ओळख झाली. समुद्राकाठच्या माणसाला नदीचा मासा थोडा हलकाच वाटतो, हे कबूल करायला हवे. रोहू आणि कटला यांच्या काट्यांवर मी पहिली काही वर्षे नाके मुरडली. पण नाशिकच्या भोवताली किती पाणी अडवलेले आहे, ते पाहून मात्र मी चकित झाले. दारणा धरण १९१६ सालचे, इंग्रजांच्या काळातले; गंगापूर धरण १९६५ साली पुरे झाले; पुढे कश्यपी, गौतमी, मुकणे, भावली. एवढ्या पाण्यात मासे आहेत म्हणजे मासेमार आहेत, आणि मासेमार आहेत म्हणजे वाट्याचे भांडण असणारच, हे कोळ्याच्या मुलीला कोणी शिकवायला नको.

ते भांडण मी प्रत्यक्ष पाहिले ते दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात. अशाच एका धरणाच्या फुगवट्याकाठी आम्ही काही बायका सहलीला गेलो होतो. धरणाचे नाव मुद्दाम सांगत नाही, कारण त्या माणसाला उद्याही तेथेच जाळे टाकायचे आहे. काठावर शहरातून आलेले चारपाच हौशी गळकरी बसले होते. भारी काठ्या, चकत्या, डोक्यावर टोप्या, बाजूला बर्फाची पेटी. पाण्यात ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून एक चाळिशीतला माणूस हाताने वल्हवीत जाळे सोडत होता. एका गळाचा दोर त्याच्या जाळ्यात अडकला. दोर तुटला, जाळेही फाटले आणि शब्दाला शब्द लागला.

गळकऱ्यांपैकी एकजण ओरडला, “ही काय तुझ्या बापाची जागा आहे का?”

पाण्यातून उत्तर आले, “बापाची न्हाई. आज्याची व्हती. पान्याखाली गेली.”

त्यानंतर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग दुसरा गळकरी समजुतीच्या सुरात म्हणाला, “अरे बाबा, आम्ही मासा धरतो, फोटो काढतो आणि सोडून देतो. तुम्ही लोक बारीक जाळ्याने पिल्लेसुद्धा ओरबाडून नेता, म्हणून तर धरणात मासा उरला नाही.” यातही तथ्य होते. बारीक आसाचे जाळे पुढच्या वर्षाची शिदोरी आजच खाते, हे आमचे आजोबाही सांगत. पण ट्यूबवरचा माणूस मनापासून गोंधळून म्हणाला, “सोडायचा तं धरायचा कशाला?” आम्ही बायका हसलो, गळकरीही हसले. फाटलेल्या जाळ्याचे मात्र कोणी काही दिले नाही.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले की कायद्याच्या दृष्टीने त्या पाण्यावर दोघांचाही हक्क नव्हता. आपल्याकडे धरणाचे पाणी पाटबंधारे खात्याचे आणि त्यातल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत दिला जातो. बहुधा तो मच्छीमार सहकारी संस्थेला मिळतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, बोटुकली विकत घेऊन पाण्यात सोडते आणि सभासदांनी धरलेल्या माशांवर आपला हिशेब बसवते. तत्त्व उत्तम आहे. परंतु सभासद कोण, येथे खरी मेख असते. हा ट्यूबवरचा माणूस सभासद नव्हता. धरणग्रस्ताचा नातू असणे ही सभासदत्वाची पात्रता नव्हे, असे त्याला सांगण्यात आले होते. म्हणजे आजोबांची जमीन ज्या पाण्याखाली गेली, त्या पाण्यात नातू चोर ठरला. बोटुकली विकत घेणाऱ्या संस्थेचीही बाजू आहेच. पेरणी एकाने करायची आणि कापणी दुसऱ्याने, हे कोणता शेतकरी सहन करील? २०१७ साली राज्य शासनाने तलावांच्या ठेक्याचे नवे धोरण आणले तेव्हा ठेक्याच्या वाढत्या रकमांविरुद्ध मच्छीमार संस्थांनीच आवाज उठवला आणि २०१९ साली ते धोरण पुन्हा बदलावे लागले. त्या साऱ्या वादात संस्थेच्या दाराबाहेर उभा असलेला माणूस कोणाच्या मोजणीत होता, कोण जाणे.

एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. पाण्याच्या वाट्याबाबत आपण किती काटेकोर आहोत! २००५ सालच्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. पाऊस कमी झाला की नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचे, यावर सभा, मोर्चे, न्यायालये यांची धांदल उडते. टीएमसीचे आकडे शाळेतली मुलेही बोलतात. पण त्याच पाण्यातल्या जिवंत पिकाचा वाटा कोणाचा, हे विचारणारा मोर्चा मी नाशकात अजून पाहिलेला नाही. मासा मतदान करीत नाही आणि ट्यूबवरचा माणूस मोर्चा काढण्याइतका मोकळा नसतो.

माझा भाचा अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, टकोमा शहराजवळ राहतो. रक्तातला कोळी गेलेला नाही. दर वर्षी परवाना काढून सामन आणि स्टीलहेड मासे गळाने धरायला जातो. २०१६ च्या मे महिन्यात त्याचा रागावलेला फोन आला. सामनच्या हंगामाबाबत राज्य आणि तेथल्या आदिवासी जमाती यांच्यात त्या वर्षी वेळेत समझोता झाला नव्हता. प्युजेट साउंड या खाडीच्या पाण्यात हौशी मासेमारी बंद होती आणि काही जमातींना मात्र संघराज्य सरकारने मर्यादित मासेमारीची परवानगी दिली होती. “आत्या, पैसे भरून परवाना आम्ही काढायचा आणि जाळी त्यांनी लावायची, हा कुठला न्याय?” तो म्हणाला. महिनाअखेरीस समझोता झाला आणि त्याचा राग ओसरला. पण त्या प्रश्नाने मला वाचायला लावले.

१८५४-५५ साली गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स याने तेथल्या जमातींशी करार केले. जमातींनी अफाट जमीन दिली आणि मोबदल्यात आपल्या नेहमीच्या जागी, इतर नागरिकांच्या बरोबरीने, मासे धरण्याचा हक्क स्वतःकडे राखला. राखला, हा शब्द महत्त्वाचा. सरकारने तो त्यांना बक्षीस दिलेला नाही. त्यांचा होता, तो त्यांनी सोडला नाही. पुढे कित्येक दशके राज्याचे शिपाई त्यांनाच पकडत राहिले. निस्क्वाली जमातीचा बिली फ्रँक १९४५ साली पहिल्यांदा पकडला गेला तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुढे तो पन्नासाहून अधिक वेळा अटकेत गेला. अखेर १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला: ‘बरोबरीने’ याचा अर्थ निम्मा. पुनरुत्पादनासाठी आवश्यक तेवढे मासे वगळून जे धरण्याजोगे उरतील, त्यांतले निम्मे जमातींचे. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व उचलून धरले. हौशी गळकऱ्यांनी आणि व्यापारी मच्छीमारांनी न्यायमूर्तींची प्रतिमा फासावर लटकवली. मूठभर लोकांना निम्मा वाटा कसा, हा त्यांचा सवाल होता. पण जमीन देताना कोणी डोकी मोजली होती काय? शंभर टक्के जमीन ज्यांच्याकडून घेतली, त्यांना पन्नास टक्के मासे देताना हिशेब आठवावा, याचे मला नवल वाटले.

कॅनडातही असेच झाले. तेथल्या मिगमाव जमातीचा प्रमुख मेंबर्तू याने १६१० साली बाप्तिस्मा घेतला आणि ही जमात आजही संत अॅनाची भक्त आहे, म्हणून आपल्या वाचकांना तिची थोडी जवळीक वाटावी. १९९९ साली डोनाल्ड मार्शल या मिगमाव मच्छीमाराच्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १७६०-६१ च्या करारांचा आधार घेऊन सांगितले की मासे धरून आणि विकून माफक उदरनिर्वाह करण्याचा त्यांना हक्क आहे. खटला होता वाम माशांवरून. आपल्या गोदावरीत सापडते ती वाम वेगळ्या जातीची, पण तिच्यासारखीच लांब, बुळबुळीत. आणि एवढ्या मोठ्या देशाचे न्यायालय तिच्यासाठी बसले!

मी भाच्याला एवढेच म्हटले, “बाळा, तुझे आजोबा ट्रॉलरवाल्यांविरुद्ध उभे राहिले होते, ते याच वाट्यासाठी.” तो गप्प राहिला. १९७० च्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी यांत्रिक बोटींविरुद्ध लढा दिला, केरळात रिडेम्प्टोरिस्ट संघाचे फादर थॉमस कोचेरी मच्छीमारांच्या मागे उभे राहिले, आणि महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. समुद्राकाठच्या लोकांची चळवळ झाली कारण ते एका किनाऱ्यावर एकत्र राहतात. धरणाकाठचा मासेमार विखुरलेला असतो. कोणी महादेव कोळी, कोणी भिल्ल, कोणी कातकरी. आमचे सोनकोळी अनुसूचित जमातीत येत नाहीत आणि महादेव कोळी येतात. ‘कोळी’ हे नाव एक, पण सरकारदरबारी रकाने वेगळे.

आपल्याकडे त्यांच्यासारखे करार नाहीत, हे खरे. पण २००६ सालचा वनहक्क कायदा आहे. त्यात पाण्यातले मासे आणि इतर उत्पन्न यांवरचा गावाचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. तो वनजमिनीपुरता, ही त्याची मर्यादा. पेठ-सुरगाण्याच्या ओढ्यावर तो चालेल; पाटबंधारे खात्याच्या धरणावर त्याचा आधार सहजी मिळणार नाही. बाकीच्यांसाठी पर्याय उरतो तो ठेक्याच्या कागदात बदल करण्याचा: धरणग्रस्तांच्या वारसांना सभासदत्व, जाळ्याच्या आसाला मर्यादा, आणि हौशी गळकऱ्यांनी भरलेल्या शुल्काचा काही भाग संस्थेकडे. गळकऱ्यांशी माझे वैर नाही. रविवारी पाण्याकाठी शांत बसणारा माणूस मला आवडतो. पण त्याची करमणूक आणि दुसऱ्याची चूल एकाच तागडीत तोलायची झाली तर तागडी कोणीकडे झुकवावी, याविषयी मला शंका नाही. गालीलच्या सरोवराकाठीही पेत्र आणि अंद्रिया यांच्या जाळ्यांपासून जकातनाका फार दूर नव्हता. मत्तय तेथेच बसलेला होता.

आणि अर्धा वाटा तरी कशाचा? वॉशिंग्टनमधल्या जमातींना हे लवकर उमगले. नदीत सामनच उरला नाही तर निम्म्याला काय अर्थ? रस्त्यांखालच्या मोऱ्यांमुळे सामनची वाट अडते, म्हणून त्या मोऱ्या राज्याने दुरुस्त कराव्यात, असा दावा त्यांनी लावला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार मते पडल्याने खालच्या न्यायालयाचा त्यांच्या बाजूचा निकाल कायम राहिला. त्या मोऱ्या मोकळ्या झाल्या की माझ्या भाच्याच्या गळालाही मासा लागेल. गोदावरीची गोष्ट काढली की मात्र मन खिन्न होते. शहराचे सांडपाणी आणि पाणवेली घेऊन ती निफाडच्या दिशेने जाते, तेव्हा ट्यूबवरचा माणूस आणि टोपीवाला गळकरी दोघेही सारखेच गरीब झालेले असतात.

त्याच निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या संगमावर, नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. १९०७ ते १९१३ या काळात तो बांधला. गाळ साचत गेला, दलदल झाली, पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र म्हणून त्याची नोंद झाली. येथे मासेमारीवर निर्बंध आले आणि काठच्या गावांतली काही माणसे पक्षी दाखवणारे मार्गदर्शक झाली. गेल्या हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर आम्हाला असाच एक मार्गदर्शक भेटला. तरुणपणी तो याच पाण्यात जाळे टाकीत असे. दुर्बिणीतून त्याने आम्हाला जांभळ्या पाणकोंबड्या दाखवल्या, बदकांची नावे घडाघडा सांगितली. इतक्यात एक पाणकावळा चोचीत मासा धरून वर आला. आम्ही सगळ्या पक्ष्याकडे पाहत होतो. त्याने दुर्बीण खाली घेतली, डोळे बारीक केले आणि स्वतःशीच म्हणाला, “मरळ हाय. पावशेराची असंल.”